बाबांची झोप, बाबांचा गोंधळ आणि गोळ्यांचा डबा

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, काही चुकीचं समजलो असेन तर सांगा. बाबा ७१ वर्षांचे आहेत, पार्किन्सनला ८ वर्षं झाली. रात्री झोपेत ओरडतात, लाथा मारतात, मागच्या महिन्यात आईच्या खांद्याला चांगलंच लागलं. दिवसा बसल्या बसल्या पेंगतात, जेवताना घास हातात राहतो आणि डोळे मिटतात. गेल्या अडीच महिन्यांत वार-तारीख विसरायला लागलेत, साधा हिशोब जमत नाही, संध्याकाळी खोलीच्या कोपऱ्यात लहान मुलं उभी आहेत असं सांगतात. औषधं म्हणजे हालचालीसाठी लेवोडोपा-कार्बिडोपा दिवसातून ४ वेळा (शेवटचा डोस रात्री ८ ला) आणि प्रॅमिपेक्सोल ३ वेळा, हाताच्या थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल २ एमजी सकाळ-संध्याकाळ हे पहिल्यापासून चालू आहे, झोप लागत नाही म्हणून ३ महिन्यांपूर्वी ॲमिट्रिप्टिलिन २५ एमजी सुरू झालं, आणि लाथा वाढल्या म्हणून महिन्यापूर्वी क्लोनाझेपाम ०.५ एमजी. आता विसरण्यासाठी डोनेपेझिल सुरू करायला सांगितलंय आणि तुम्हाला हवंय की झोपेसाठी एक आणि स्मरणशक्तीसाठी एक अशी चांगली गोळी कोणती ते कुणीतरी सांगावं.

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं पार्किन्सनचे पेशंट बघतोय. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यांचं बीपी, इसीजी, किडनी, प्रोस्टेट यातलं काहीच मला माहीत नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय ते तुमच्या डॉक्टरांपुढे बसून बोलायला उपयोगी पडावं म्हणून आहे. यातलं काहीही वाचून घरच्या घरी एकदम बंद करू नका. लेवोडोपा अचानक बंद केलं तर अंग लाकडासारखं होऊन जोरात ताप येऊ शकतो आणि त्यात जीव जाऊ शकतो, क्लोनाझेपाम अचानक सोडलं तर फिट येऊ शकते, बाकीच्यांचंही कमी-जास्त असंच आहे.

आता मुद्द्याकडे येतो. तुम्ही झोप आणि विसरणं हे दोन वेगळे प्रश्न धरलेत आणि प्रत्येकाला एक गोळी मागताय. बहुतेक घरं असंच विचारतात, आणि खरं सांगायचं तर बरेच डॉक्टरही दहा मिनिटांच्या भेटीत असाच विचार करतात. पण पार्किन्सनमध्ये हे दोन्ही एकाच दोरीला बांधलेले असतात. झोप आणणारी बरीच औषधं डोक्यात धुकं आणतात, डोकं साफ करणारी काही औषधं झोप मोडतात, आणि हालचालीसाठीची औषधं दोन्हीकडे हात घालतात. म्हणून माझ्याकडे असा पेशंट आला की मी पहिली अर्धी भेट एकही नवं औषध लिहीत नाही. गोळ्यांचा डबा टेबलावर रिकामा करायला सांगतो, आणि प्रत्येक गोळीपुढे ती कधी सुरू झाली ती तारीख लिहितो.

तुमच्या बाबांचंच तसं करून बघा. ॲमिट्रिप्टिलिन ३ महिन्यांपूर्वी आलं, गोंधळ अडीच महिन्यांपूर्वी सुरू झाला. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

का ते नीट सांगतो कारण हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. पार्किन्सन म्हणजे मेंदूतलं डोपामीन हे रसायन कमी होणं एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण या आजारात मेंदूतलं ॲसिटिलकोलीन नावाचं दुसरं रसायनही कमी होत जातं, ते बनवणाऱ्या पेशींचा मेंदूच्या तळाशी एक पुंजका असतो तोही झिजतो. लक्ष एका गोष्टीवर टिकवणं, डोळ्यांना दिसतंय त्याचा अर्थ लावणं, जागं आणि सावध राहणं, या सगळ्याला ॲसिटिलकोलीन लागतं. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं तेव्हा पेशंटची झोप मोडते हे त्यांनी बरोबर टिपलं होतं, पण बुद्धी शाबूत राहते असंही लिहिलं होतं, आणि ही दुसरी समजूत नंतर फार काळ टिकून राहिली. म्हणूनच अजूनही घरच्यांना हा फक्त हातापायांचा आजार वाटतो आणि डोक्यावर परिणाम दिसला की धक्का बसतो.

तर ज्या मेंदूत ॲसिटिलकोलीन आधीच कमी पडतंय त्या मेंदूला तुम्ही ॲसिटिलकोलीन अडवणारं औषध दिलं तर काय होणार. ट्रायहेक्सिफेनिडिल नेमकं हेच करतं, त्याचं कामच ते आहे, थरथर त्यानेच कमी होते. ॲमिट्रिप्टिलिन हेही करतं, म्हणून त्याने झोप येते पण तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, पोट साफ होत नाही आणि वयस्कर माणूस गोंधळतो. बाबांना दोन्ही चालू आहेत. शिवाय ॲमिट्रिप्टिलिन आणि त्या जातीची डिप्रेशनची बरीच औषधं झोपेतलं लाथा मारणं वाढवू शकतात. म्हणजे बघा, झोप येत नाही म्हणून एक गोळी आली, तिने लाथा वाढवल्या असाव्यात आणि डोकं गढूळ केलं असावं, मग लाथांसाठी क्लोनाझेपाम आलं, त्याने दिवसाची पेंग वाढली असणार, आणि आता गढूळ डोक्यासाठी डोनेपेझिल येतंय जे ॲसिटिलकोलीन वाढवतं. एका हाताने घागर भरायची आणि दुसऱ्या हाताने पालथी करायची असं चाललंय, आणि यात कुणाचाच हेतू वाईट नाही, प्रत्येक गोळी त्या त्या दिवशी शहाणपणाचीच वाटली असणार.

अशी ॲसिटिलकोलीन अडवणारी औषधं डब्याबाहेरही लपलेली असतात. सर्दीची जुन्या पद्धतीची गोळी, खाज-ॲलर्जीची झोप आणणारी गोळी, दुकानात सहज मिळणारी झोपेची गोळी जिच्यात डायफेनहायड्रामीन असतं, प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून घेतो ती, आणि सारखी लघवी होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन. हे शेवटचं मला वारंवार दिसतं, लघवीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं असतं आणि मेंदूच्या डॉक्टरांना कुणी सांगितलेलंच नसतं. लघवीसाठी मिराबेग्रॉनसारखं औषध आहे जे वेगळ्या मार्गाने काम करतं आणि डोक्याला त्रास देत नाही, बीपीवर लक्ष ठेवावं लागतं एवढंच. बाबा असं काही घेतात का ते आधी शोधा.

ट्रायहेक्सिफेनिडिलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पन्नाशीच्या आतल्या, डोकं तल्लख असलेल्या माणसाला नुसती थरथर त्रास देत असेल तर ते मी देतो. ७१ व्या वर्षी भास आणि गोंधळ सुरू झाल्यावर आधी जाणाऱ्या औषधांत ते येतंच. पण हळूहळू, काही आठवड्यांत डोस कमी करत, कारण एकदम काढलं तर थरथर आणि ताठरपणा उसळून येतो. आणि हे आधीच सांगून ठेवतो की काढल्यावर हाताची थरथर थोडी वाढू शकते, बाबा तक्रार करतील, नातेवाईक म्हणतील आजार वाढला. मी घरच्यांना विचारतो की थरथरणारा हात आणि साफ डोकं, का शांत हात आणि कोपऱ्यातली मुलं. बहुतेक जण पहिलं निवडतात.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट मात्र. गोंधळ दोन-चार दिवसांत किंवा तासांत अचानक वाढला असेल तर त्याला पार्किन्सन समजू नका. लघवीतलं किंवा छातीतलं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, आठ दिवस पोट साफ नसणं, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यातलं काहीही असू शकतं आणि यातल्या प्रत्येकावर इलाज आहे. बाबा गेल्या काही महिन्यांत कधी पडले होते का हे तुम्ही लिहिलेलं नाही, पडले असतील तर डोक्याचा स्कॅन लवकर करून घ्या. हळूहळू वाढलेल्या गोंधळातही थायरॉइड, बी-१२, सोडियम मी एकदा बघतोच, लेवोडोपा बराच काळ घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडतं. आणि बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर उभं राहिलं की मेंदूला रक्त कमी पडतं, अशी माणसं सकाळी उभी राहिली की गोंधळतात आणि आडवी झाली की शहाण्यासारखं बोलतात, घरच्यांना वाटतं मूड आहे.

आता रात्रीकडे येऊ. 'बाबांना झोप येत नाही' हे वाक्य माझ्यासाठी अपुरं आहे, कारण त्यात चार-पाच वेगवेगळे त्रास एकत्र असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं, कधी तर एकाचं औषध दुसऱ्याला बिघडवतं. म्हणून आठ दिवस आईकडून एक साधी वही लिहून घ्या, गोळ्या किती वाजता घेतल्या, झोप किती वाजता लागली, जाग कधी आली आणि जाग आली तेव्हा काय चाललं होतं. लघवीला उठले का, अंग ताठ होऊन कूस बदलता येत नव्हती का, पाय अस्वस्थ होत होते का, का स्वप्नात ओरडत होते, आणि दिवसा किती वेळ झोपले. या वहीने मला जेवढं कळतं तेवढं महागड्या टेस्टनेही बऱ्याचदा कळत नाही.

ओरडणं आणि लाथा मारणं याला रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात. आपण स्वप्न बघतो तेव्हा मेंदूचा खालचा भाग शरीराचे स्नायू बंद करून ठेवतो, म्हणून स्वप्नात पळालो तरी पाय हलत नाहीत. हे बटण पार्किन्सनमध्ये बिघडतं आणि माणूस स्वप्न जगायला लागतो. १९८६ मध्ये शेन्क आणि माहोवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी हा वेगळा आजार म्हणून मांडला, आणि पुढे लक्षात आलं की हातापायाची लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी तो सुरू होऊ शकतो. आईला विचारून बघा, पार्किन्सन कळायच्या आधीपासून बाबा झोपेत बडबडायचे का, बऱ्याच बायका 'हो, ते तर कधीपासूनच' असं सांगतात.

यावर दोन औषधं वापरली जातात, मेलाटोनिन (शरीरात झोपेच्या वेळी तयार होणारं संप्रेरक, गोळीच्या रूपात) आणि क्लोनाझेपाम. दोन्हींमागचा पुरावा फार भक्कम नाही, मोठ्या चाचण्या कमी आहेत आणि ज्या आहेत त्यांचे निकाल सगळे एका बाजूचे नाहीत, पण वर्षानुवर्षांच्या वापरात दोन्ही उपयोगी पडलेली दिसतात. ज्याचं डोकं आधीच गोंधळलंय त्याला मी मेलाटोनिनपासून सुरुवात करतो, ३ एमजी झोपायच्या अर्धा तास आधी, मग दर आठवड्या-दोन आठवड्यांनी ३-३ ने वाढवत ९, कधी १२ पर्यंत. स्वप्नं पूर्ण थांबत नाहीत पण जोर कमी होतो, सकाळी फारशी गुंगी राहत नाही, तोल जात नाही. क्लोनाझेपाम लाथांवर जास्त ठामपणे काम करतं हे खरं आहे, माझ्याकडे काही पेशंट आहेत ज्यांना पाव एमजीने घरात शांतता मिळाली. पण त्याचा अर्धा भाग शरीरातून जायला ३० ते ४० तास लागतात. म्हणजे रात्री घेतलेल्या गोळीचा अर्ध्याहून जास्त हिस्सा दुसऱ्या रात्री नवी गोळी घेताना अंगात असतोच, तो साठत जातो, आणि मग दिवसाची पेंग, रात्री बाथरूमला जाताना तोल जाणं, लक्ष न लागणं हे सगळं येतं. घोरताना श्वास अडकत असेल तर तेही बिघडतं. बाबांना गोंधळ आहे, पेंग आहे, म्हणून माझ्या मते ते त्यांच्यासाठी योग्य नाही, निदान मेलाटोनिन पुरेशा डोसमध्ये वापरून बघितल्याशिवाय तरी नाही. महिनाभरच झालाय म्हणून काढणं सोपं जाईल, तरी पायरी पायरीनेच.

रात्री मोडणाऱ्या झोपेचं दुसरं मोठं कारण वेगळंच आहे आणि ते सगळ्यात सोप्या उपायाने सुटतं. साधं लेवोडोपा शरीरात फार टिकत नाही, दीड-एक तासात निम्मं संपतं. शेवटचा डोस ८ ला असेल तर रात्री १-२ च्या सुमारास बाबा जवळजवळ औषधाशिवाय असतात. तेव्हा अंग जड होतं, कूस बदलता येत नाही, पायात गोळे येतात, जीव घाबरा होतो, आणि माणूस आईला हाक मारतो, घरचे म्हणतात झोप लागत नाही. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर तो ताठ झालेल्या अंगानेच गुंगीत पडून राहतो. त्याला हवा असतो तो झोपताना हळूहळू सुटणाऱ्या लेवोडोपाचा एक डोस, किंवा शेवटचा डोस झोपेच्या जवळ सरकवणं. त्वचेवर लावायचा रोटिगोटिनचा पॅचही रात्रीच्या या त्रासावर चांगला ठरलाय, पण तो प्रॅमिपेक्सोलच्याच जातीचा असल्याने भास होत असलेल्या माणसाला मी देणार नाही. सेलेजिलिन किंवा अमँटाडीन ही पार्किन्सनचीच औषधं, त्यातलं काही चालू असेल तर ते सकाळी आणि फार तर दुपारी जेवणापर्यंत घ्यावं, संध्याकाळी घेतलं तर झोप उडते. एका आजोबांची ६ महिन्यांची निद्रानाशाची तक्रार मी फक्त सेलेजिलिनची दुसरी गोळी रात्रीवरून दुपारी आणून संपवली होती, तोपर्यंत त्यांना तीन प्रकारच्या झोपेच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या.

पाय अस्वस्थ होत असतील, झोपलं की हलवावेसे वाटत असतील, तर रक्तातलं फेरिटिन (त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) बघा, ७५ च्या खाली असेल तर लोह देऊन फरक पडू शकतो.

दिवसाची पेंग. इथे माझा पहिला संशय प्रॅमिपेक्सोलवर आहे. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही डोपामीनची नक्कल करणारी औषधं आहेत, हालचालीला चांगली, पण त्यांनी कधी कधी पूर्वसूचना न देता झोप येते. १९९९ मध्ये ही औषधं घेणारे ८ पेशंट गाडी चालवताना झोपल्याचं वैद्यकीय मासिकात आलं तेव्हा सगळे सावध झाले. बाबा अजून गाडी चालवत असतील तर आजपासून बंद, यात चर्चा नाही. याच औषधांनी भासही वाढतात, आणि जुगार, अनावश्यक खरेदी, खाण्याचा अतिरेक असले प्रकारही होतात, ते लाजेने कुणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम विचारतो. बाबांच्या बाबतीत ट्रायहेक्सिफेनिडिल आणि ॲमिट्रिप्टिलिन गेल्यानंतरही भास-पेंग राहिली तर पुढचं कमी होणारं औषध हे. तेही अगदी हळू, कारण पटकन काढल्यास घबराट, उदासी, घाम, अंगदुखी असा विथड्रॉल होतो जो लेवोडोपा वाढवूनही थांबत नाही. हालचाल कमी पडली तर ती लेवोडोपाने भरून काढायची, डोक्याच्या दृष्टीने सगळ्यात कमी त्रासाचं औषध शेवटी तेच आहे. पेंगेवर मोडाफिनिल देतात पण फायदा माफक आहे, आणि पेंग आणणारी तीन औषधं चालू ठेवून वर जागवणारं चौथं देणं मला पटत नाही. मोठ्याने घोरत असतील आणि मध्येच श्वास थांबत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.

कोपऱ्यातल्या मुलांबद्दल. बाबांना कळतं का की ती खरी नाहीत? कळत असेल आणि भीती वाटत नसेल तर लगेच औषध लागत नाही, खोलीत उजेड वाढवा, चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू तपासा, आणि वर सांगितलेली छाटणी करा. या छाटणीचा क्रम साधारण ठरलेला आहे, आधी ॲसिटिलकोलीन अडवणारी, मग अमँटाडीन, मग प्रॅमिपेक्सोल-रोपिनिरोल, मग सेलेजिलिन-रासाजिलिन, मग लेवोडोपाचा परिणाम लांबवणारं एन्टाकॅपोन, आणि सगळ्यात शेवटी लेवोडोपा थोडं कमी. एवढं करूनही भास त्रास देत असतील, घरच्यांवर संशय घेत असतील, रात्री घराबाहेर जात असतील, तर भासांवरचं क्वेटियापिन १२.५ एमजी रात्री इतक्या छोट्या डोसने सुरू करतो. चाचण्यांमध्ये त्याचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही पण वापरायला सोपं आहे आणि थोडी झोपही लागते. सिद्ध झालेलं आहे ते क्लोझापिन, तेही अगदी कमी डोसमध्ये, पण पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात म्हणून नियमित रक्ततपासणी करावी लागते, ती जमणार असेल तरच. पिमावान्सेरिन हे डोपामीनला हात न लावणारं औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं, सगळीकडे मिळत नाही, आणि परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागतो. भासांवरची ही सगळीच औषधं डिमेन्शिया (रोजची कामं अडतील इतका बुद्धीचा ऱ्हास) असलेल्या वयस्कर माणसांत मृत्यूचा धोका थोडा वाढवतात, म्हणून लहान डोस, थोडे महिने, आणि दर भेटीत 'अजून लागतंय का' हा प्रश्न.

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन मात्र बाबांना चालणार नाहीत. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन पण नाही. ही डोपामीन अडवतात, एका इंजेक्शनने चालता माणूस खाटेला खिळलेला मी बघितलाय. ही नावं एका कागदावर लिहून बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा, कारण रात्री इमर्जन्सीत नेल्यावर तिथल्या डॉक्टरांना बाबांची हिस्टरी माहीत नसते.

आता स्मरणशक्तीच्या गोळीबद्दल, जी तुम्ही मूळ विचारलीत. पार्किन्सनमधला विसरभोळेपणा अल्झायमरसारखा नसतो. इथे आधी लक्ष टिकणं, कामाचा क्रम लावणं, जागेचा अंदाज हे जातं, आठवण बऱ्याचदा आत असते पण बाहेर यायला वेळ लागतो, जरा सुचवलं की येते. सौम्य त्रास असेल, म्हणजे रोजचं स्वतःचं स्वतः होतंय, तर या टप्प्यावर गोळ्यांचा खात्रीचा फायदा दिसलेला नाही, नियमित व्यायामाचा त्यापेक्षा जास्त भरवसा वाटतो. रोजची कामं अडायला लागली, म्हणजे डिमेन्शिया झाला, तेव्हा रिव्हास्टिग्मिन हे सगळ्यात नीट तपासलेलं औषध आहे. २००४ मध्ये ५४१ पेशंटवर २४ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात स्पष्ट सुधारणा दिसली ती औषध घेणाऱ्यांत १०० पैकी साधारण २० जणांना आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १४-१५ जणांना. स्पष्ट बिघाड झाला तो १३ विरुद्ध २३ जणांत. म्हणजे बाबा पुन्हा पूर्वीसारखे हिशोब करतील अशी आशा ठेवू नका, पण घसरण सावरायची शक्यता बऱ्यापैकी आहे, आणि माझ्या अनुभवात काही पेशंटमध्ये भास कमी होतात आणि माणूस जरा जास्त 'हजर' वाटतो, आणि घरच्यांसाठी ते खूप मोठं असतं.

त्याच चाचणीत मळमळ २९ टक्के लोकांना झाली, उलट्या जवळपास १७ टक्के, आणि थरथर वाढली १० टक्के लोकांत. म्हणून कॅप्सूल १.५ एमजी दोनदा, जेवणाबरोबर, आणि डोस चार-चार आठवड्यांनी वाढवायचा. पॅचने पोटाचा त्रास कमी होतो, ४.६ चा महिनाभर आणि मग ९.५ चा. पॅच लावताना जुना काढला का हे दरवेळी बघा, दोन-तीन पॅच एकदम अंगावर राहून पेशंट उलट्या आणि मंद नाडीने भरती झाल्याच्या घटना झाल्यात. ३ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर परत जायचं नाही, खालून सुरू करायचं. आणि उलटी झाली तर वर सांगितलेलं मेटोक्लोप्रामाइड नाही, डोम्पेरिडोन चालतं पण इसीजी बघून.

डोनेपेझिल वाईट औषध नाही, रिव्हास्टिग्मिन सोसलं नाही तर मीही देतो. पण तीन गोष्टी. सुरू करण्याआधी इसीजी आणि नाडी, कारण दोन्ही औषधांनी ठोके मंदावतात आणि बीपीची बीटाब्लॉकर गोळी चालू असेल तर जास्तच. गोळी सकाळी घ्यायची, रात्री घेतली तर स्वप्नं भडक होतात आणि बाबांना नेमकं तेच नकोय. आणि लघवीची घाई वाढली तर ती याच गोळीमुळे आहे हे लक्षात ठेवा, नाहीतर कुणीतरी ऑक्सिब्युटिनिन देईल आणि आपण परत पहिल्या ठिकाणी येऊ. मेमान्टिन या स्मरणशक्तीच्याच दुसऱ्या औषधाचा फायदा असला तर थोडा असतो, पहिली दोन्ही चालत नसतील तर वापरून बघतो.

तर तुमच्या डॉक्टरांपुढे मी असतो तर क्रम असा ठेवला असता. या आठवड्यात रक्त-लघवीच्या तपासण्या, बीपी आडवं-उभं, इसीजी, आणि वही सुरू. ॲमिट्रिप्टिलिन २५ वरून १० आणि मग बंद, मेलाटोनिन सुरू, क्लोनाझेपाम निम्मं करत बंद. मग ट्रायहेक्सिफेनिडिल. प्रत्येक बदलात दहा-पंधरा दिवसांचं अंतर, एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर कशाने फरक पडला कळत नाही. वहीत रात्री १-२ ला ताठरपणा दिसला तर झोपतानाचा लेवोडोपा. मग भास आणि पेंग राहिली तर प्रॅमिपेक्सोल कमी. हे सगळं होऊन गोंधळ उरला तर तो आजाराचा गोंधळ, आणि मग रिव्हास्टिग्मिन. यात २-३ महिने जातात. मला माहीत आहे की रात्रभर जागणाऱ्या घराला तीन महिने थांबा म्हणणं किती जड आहे, पण ॲमिट्रिप्टिलिन गेल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांतच बऱ्याचदा पहिला फरक दिसतो. तुमचे डॉक्टर वेगळा क्रम सांगतील तर कारण विचारा, बाबांना समोर बघून त्यांना काहीतरी दिसत असेल जे मला इथून दिसत नाही.

राहिला आईचा प्रश्न, तुम्ही अगदी शेवटी एका ओळीत विचारलाय की आईने वेगळ्या खोलीत झोपलं तर बाबांना वाईट वाटेल का. मेलाटोनिनचा परिणाम स्थिर होईपर्यंत आईने वेगळ्या पलंगावर झोपावं, त्याच खोलीत जमत असेल तर उत्तम. बाबांचा पलंग खाली करा किंवा गादी जमिनीजवळ घ्या, बाजूच्या टेबलाचे कोपरे आणि काचेच्या वस्तू हलवा, ते ओरडत असताना जवळ जाऊन हलवून उठवू नका, दुरून नावाने हाक मारा. आणि बाबांना हे दिवसा, डोकं साफ असेल त्या वेळेला, आईनेच सांगावं की हे आजारामुळे होतंय, रागामुळे नाही. बऱ्याच पेशंटना सकाळी आपण काय केलं ते आठवतच नाही आणि बायकोच्या दंडावरचा काळानिळा डाग बघून ते हादरतात. वही भरली की आठ दिवसांनी इथे टाका, नाव-पत्ता न लिहिता, मी बघतो.